कॅमेऱ्यातील हट्टी धूळ



दसरा झाला की चाकूर परिसरात सोयाबीनच्या राशी सुरू होतात. मळणी यंत्रातून उडणारा भुसा आणि काळ्या रानातील बारीक धूळ लातूर-नांदेड रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिवसभर तरंगत राहते. त्याच सुमारास दिवाळी येते, पाठोपाठ तुळशीविवाह आणि लग्नसराई. कपाटातील कॅमेरा बाहेर निघतो आणि काही दिवसांतच घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. प्रत्येक छायाचित्रात, आकाशाच्या त्याच कोपऱ्यात, तोच करडा ठिपका. लेन्स पुसून होते, लेन्स बदलूनही होते, पण ठिपका जागचा हलत नाही.

या ठिपक्याविषयी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. धुळीने कॅमेऱ्याचे होणारे नुकसान बहुधा भरून निघते, मात्र ती धूळ घाईने पुसताना होणारे नुकसान भरून निघत नाही. म्हणून या महिन्याच्या लेखात धूळ काढण्याच्या उपायांइतकेच महत्त्व ती ओळखण्याला आणि योग्य वेळी थांबण्याला दिले आहे.

ठिपका कोठे असतो?

बोलताना आपण ‘सेन्सरवरची धूळ’ म्हणतो, पण ती प्रत्यक्ष सेन्सरवर बसलेली नसते. सेन्सरच्या पुढे गाळणी-काचांचा एक पातळ थर असतो आणि धूळ त्या काचेच्या बाहेरील पृष्ठभागावर बसते. छायाचित्रात आपल्याला कण दिसत नाही, त्याची खाली पडलेली सावली दिसते. हे एकदा ध्यानात आले की ठिपका कधी उमटतो आणि कधी लपतो याचा उलगडा होतो.

ढोबळ हिशेब असा. काचेचा पृष्ठभाग सेन्सरपासून सुमारे १ मिलिमीटर अंतरावर आहे असे धरू. लेन्सचे ॲपर्चर एफ/२.८ इतके उघडे असेल, तर सेन्सरच्या एका बिंदूकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या काचेवर सुमारे ०.३६ मिलिमीटर रुंद असतो. ०.०५ मिलिमीटरचा धूलिकण त्यातील शंभरात जेमतेम दोन भाग प्रकाश अडवतो, आणि डोळ्यांना ते जाणवत नाही. तेच ॲपर्चर एफ/१६ वर आणले की शंकू ०.०६ मिलिमीटरपर्यंत अरुंद होतो. आता तोच कण जवळजवळ दोन-तृतीयांश प्रकाश अडवतो आणि ठिपका ठळक उमटतो.

म्हणूनच मांडवात उघड्या ॲपर्चरने टिपलेल्या वधूवरांच्या चेहऱ्यांवर डाग नसतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात शेताचे दृश्य घेताना तो दिसतो. वडवळ नागनाथच्या बेटावर औषधी वनस्पतींची जवळून छायाचित्रे घेणाऱ्यांना तो अधिक छळतो. विषय मूळ आकाराइतकाच मोठा सेन्सरवर उतरवताना एफ/८ हे ॲपर्चर प्रत्यक्षात एफ/१६ सारखे वागते.

कणाच्या आकाराचीही कल्पना असावी. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर आडव्या ओळीत ६,००० प्रकाशबिंदू असतील तर प्रत्येक बिंदू ६ मायक्रोमीटरचा होतो, आणि १ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ०.०५ मिलिमीटरचा कण त्यावर एका दिशेने आठ बिंदूंना व्यापतो. नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसणारा कण चित्रात उठून दिसतो तो यामुळेच.

आधी परीक्षा

परीक्षेसाठी ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२, आयएसओ १०० आणि फोकस हाताने ठेवावा. पांढरी भिंत किंवा निरभ्र आकाश मुद्दाम अस्पष्ट करून टिपावे. कॅमेरा सूर्याकडे कधीही रोखू नये. शटर मंद असले तरी हरकत नाही, उलट छायाचित्र घेताना कॅमेरा किंचित हलवावा. भिंतीवरील खुणा फिसकटतात आणि सेन्सरपुढील कण मात्र जागीच राहतो. नंतर ते चित्र संगणकावर पूर्ण आकारात उघडून ठिपक्यांच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्यात.

जागा ओळखताना एक खूण लक्षात असावी. लेन्स उलटी प्रतिमा पाडते. कॅमेऱ्याच्या तोंडातून समोरून पाहिले असता डावे-उजवे तेच राहते, वर-खाली मात्र उलटते. चित्रात वर डावीकडे दिसणारा ठिपका काचेवर खाली डावीकडे शोधावा.

प्रत्येक ठिपका ही काचेवरची धूळ नसते. लेन्स बदलल्यावर जो जातो तो लेन्समधला. व्ह्यूफाइंडरमधून दिसतो पण छायाचित्रात उमटत नाही तो आरशावरचा किंवा फोकसिंग स्क्रीनवरचा. त्याने चित्राची हानी होत नाही, म्हणून त्याला हात लावू नये. आरसा आणि ती स्क्रीन गाळणी-काचेपेक्षाही नाजूक असतात. अंधारातील छायाचित्रात लाल, निळा किंवा पांढरा चमकणारा बिंदू सेन्सरच्या एखाद्या प्रकाशबिंदूचा दोष असतो, तो पुसून जात नाही. पाहून, पारखून, मग हात लावण्याच्या रीतीला आपल्या घरांत यत्नाचार म्हणतात. येथेही तोच उपयोगी पडतो.

धूळ हट्टी का होते?

कोरडा, सुटा कण स्थिर विद्युतभाराने काचेला चिकटतो आणि थोड्या हादऱ्याने सुटतो. २००३ साली ऑलिम्पसने ई-१ या कॅमेऱ्यात काचेला अतिवेगाने कंप देऊन धूळ झटकण्याची सोय आणली. पुढे इतर कंपन्यांनीही तशी सोय दिली, आणि आज बहुतेक कॅमेऱ्यांत ‘सेन्सर क्लीनिंग’ या नावाने ती असते. पण कंपाने सुटी धूळच पडते.

आपल्याकडची धूळ नेहमी सुटी राहत नाही. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण २ मायक्रोमीटरहूनही लहान असतात, ओलाव्याने फुगतात आणि वाळल्यावर घट्ट बसतात. ऑक्टोबरमध्ये आत शिरलेली धूळ पुढील पावसाळ्याच्या दमट हवेत भिजते, पुन्हा वाळते आणि काचेला धरून राहते. फुलांचे पराग मुळातच चिकट. लग्नात हळद, गुलाल आणि उदबत्तीचा धूर असतो, शिवाय हल्ली व्यासपीठावर सोडल्या जाणाऱ्या कृत्रिम धुक्याचे अतिसूक्ष्म थेंबही. लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या टापांनी उडालेली माती आणि उधळलेला भंडारा हवेत एकत्र असतात. तेथे लेन्स बदलणाऱ्याने घरी काय घेऊन जात आहोत याचा विचार करावा.

काही डाग बाहेरून येतच नाहीत. शटरच्या यंत्रणेतील वंगणाचे सूक्ष्म तुषार काचेवर उडतात. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या निकॉन डी६०० कॅमेऱ्याविषयी अशा ठिपक्यांच्या तक्रारी जगभरातून आल्या. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या शटरसह डी६१० आला, आणि २०१४ मध्ये कंपनीने हमीकाल संपलेल्या डी६०० साठीही विनामूल्य तपासणी, सफाई आणि शटर बदलून देण्याचे जाहीर केले. तेलाचा ठिपका बहुधा गोल असून त्याची कड स्पष्ट असते, कधी कडेला फिकट वलयही दिसते. धुळीचा ठिपका वेडावाकडा असतो, आणि तंतू असेल तर वळलेली रेघ दिसते. या भेदावरून उपाय ठरतो, कारण तेल फुंकरीने जात नाही आणि कोरड्या कुंचल्याने पसरते.

पायरीपायरीने सफाई

पहिली पायरी कॅमेऱ्याच्या अंगच्या सोयीची. कॅमेरा सपाट टेबलावर उभा ठेवून सेन्सर क्लीनिंग तीन-चार वेळा चालवावे आणि पुन्हा परीक्षा-चित्र घ्यावे. पुष्कळदा काम येथेच संपते.

दुसरी पायरी हवेची. खोलीतील पंखा बंद, खिडक्या बंद, फरशी नुकतीच ओल्या फडक्याने पुसलेली असावी. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा वर उचलून धरण्याची सोय मेनूमध्ये असते, तीच वापरावी. दीर्घ उघडझापीची ‘बल्ब’ सोय या कामी वापरू नये. मध्येच बटणावरचे बोट सुटले किंवा बॅटरी संपली तर शटर आणि आरसा आतल्या साधनावर आपटतात. रबरी ब्लोअर प्रथम बाहेर चार-पाच वेळा दाबून त्यातील धूळ काढावी. नंतर कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करून, ब्लोअरचे टोक आत न घालता, जोराने हवा मारावी. सुटलेला कण खाली पडतो. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचा एक थेंब नवा हट्टी डाग तयार करतो. डब्यातील दाबाचा वायू द्रवरूपात काचेवर उडू शकतो. पंक्चरच्या दुकानातील हवेत तेल आणि पाणी दोन्ही असतात, शिवाय तिचा दाब शटरची पाती वाकवण्यास पुरेसा असतो.

ही पायरी कोणीही गाळू नये. धुळीत गारेचे कण असू शकतात आणि ते काचेवरील लेपाहून कठीण असतात. फुंकून न काढता वरून ओला स्वॅब फिरवला की तोच कण ओरखडा काढतो.

तिसरी पायरी कोरड्या स्पर्शाची. सेन्सरसाठीच बनवलेला मऊ कुंचला किंवा चिकट टोकाची कांडी मिळते. कांडी काचेवर हलकेच टेकवून सरळ उचलायची असते, घासायची नसते. ती आपल्या कॅमेऱ्याच्या काचेला चालते असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावी. तेलाचा संशय असेल तर ही पायरी सोडून द्यावी.

चौथी पायरी ओल्या सफाईची, आणि खरा हट्टी डाग येथे निघतो. स्वॅब सेन्सरच्या उंचीच्या मापाचा हवा. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरला २४ मिलिमीटरचा, लहान एपीएस-सी सेन्सरला १६ मिलिमीटरचा. द्रव सेन्सरसाठी म्हणून विकला जाणाराच घ्यावा. औषधाच्या दुकानातील स्पिरिट, चष्म्याचा द्रव, अत्तर किंवा हात धुण्याचे सॅनिटायझर चालत नाही. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते, त्याचा थर काचेवर राहतो. सफाईचे काही द्रव मिथेनॉलचे असतात. ते विषारी आणि ज्वालाग्राही असल्याने मुलांच्या हाताला लागू नयेत आणि घरात समई किंवा उदबत्ती पेटलेली असताना बाटली उघडू नये.

स्वॅबच्या कडेवर दोन-तीन थेंब टाकून क्षणभर मुरू द्यावेत. तो टपकता कामा नये. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, न थांबता, एकाच सरळ रेषेत फिरवावा. दाब इतकाच की स्वॅबचे टोक जरासे वाकेल. मग स्वॅब उलटून दुसऱ्या बाजूने परतीची एकच फेरी, आणि तो टाकून द्यावा. एकदा वापरलेला स्वॅब पुन्हा आत नेला तर उचललेली घाणच काचेवर परत जाते. मिनिटभर वाळू द्यावे आणि परीक्षा-चित्र पाहावे. तेलाचा डाग पहिल्या फेरीत पसरून मोठा दिसला तर घाबरू नये, दुसऱ्या नव्या स्वॅबने तो उचलला जातो. डाग शिल्लक असेल तर पुढचा स्वॅब घ्यावा, दाब वाढवू नये. वाळून घट्ट झालेला कण जोराने सुटत नाही, द्रवात विरघळायला वेळ मिळाला की सुटतो.

थांबण्याची जागा

तीन स्वॅबनंतरही ठिपका तसाच असेल तर हात आवरावा. तो काचेच्या आतल्या बाजूला असेल, लेपावरील ओरखडा असेल किंवा बुरशीची सुरुवात असेल. ज्या कॅमेऱ्यांत थरथर कमी करण्यासाठी सेन्सरच तरंगता बसवलेला असतो, त्यांत एका बाजूने दिलेला जास्त दाब ती यंत्रणाच बिघडवू शकतो. अशा वेळी मोठ्या शहरातील अधिकृत सेवा केंद्राकडे कॅमेरा पाठवणे हाच मार्ग. चाकूरहून तो पाठवण्यात काही दिवस जातील, खर्चही होईल, पण सेन्सर बदलण्याच्या खर्चापुढे तो अल्प असतो. सोबत परीक्षा-चित्र आणि आपण कोणकोणते उपाय केले याची चिठ्ठी द्यावी.

संगणकावर पुसता येत नाही का?

येते. आकाशातील ठिपका संगणकावर क्षणात झाकता येतो, आणि काही कॅमेऱ्यांत ठिपक्यांचा नकाशा घेऊन ते आपोआप झाकण्याची सोयही आहे. लग्नाच्या छायाचित्रांना इतके पुरे. पण संगणक ठिपक्याखालचे खरे चित्र परत आणत नाही, आजूबाजूचा रंग तेथे भरतो. आकाशात त्याने बिघडत नाही. कागदपत्रांत मात्र बिघडते.

आपल्यापैकी अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या रोजकीर्दी-खतावण्या मोडी लिपीत आहेत. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राजभाषा उर्दू होती. त्यामुळे त्या काळचे जमिनीचे आणि कचेरीचे कागद उर्दूतही आढळतात. कोणाकडे हस्तलिखित पोथ्या आहेत. विदर्भातील कारंजा येथील शास्त्रभांडारांतून अपभ्रंश ग्रंथ अभ्यासकांपुढे आले आणि डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित केले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. अशा भांडारांपासून घरच्या पेटीतील चार पानांपर्यंत सर्वत्र आज कॅमेऱ्याने प्रती काढल्या जातात.

या कागदांवर एका टिंबाचे मोल मोठे असते. देवनागरीत टिंबाने ‘वश’चा ‘वंश’ होतो आणि ‘चिता’ची ‘चिंता’. प्राकृतात अनुस्वार विभक्ती दाखवतो. उर्दूत ‘बे’ला खाली एक नुक्ता, ‘ते’ला वर दोन, ‘पे’ला खाली तीन, आणि अक्षराचे मूळ रूप तिन्हींचे एकच. आकड्यांतील टिंब दशांशचिन्ह ठरू शकते. आता पुन्हा हिशेब पाहा. ए-४ आकाराचे पान ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर सुमारे आठपट लहान होऊन उतरते. जुनी पाने वळलेली असतात, म्हणून सर्व ओळी स्पष्ट याव्यात यासाठी आपण एफ/११ किंवा एफ/१६ ठेवतो. अशा वेळी धुळीच्या एका कणाची सावली त्या पानावर अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या टिंबाइतकी भरते. बोरूच्या टोकाने दिलेले टिंबही जवळपास तेवढेच.

म्हणजे धूळ येथे नवे अक्षर लिहू शकते, आणि तो ठिपका संगणकावर पुसताना आपण खरे अक्षर खोडू शकतो. मूळ पान पुढे कसरीने खाल्ले किंवा पाण्याने गेले, तर त्या चित्रापलीकडे पुरावा उरत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे आणि त्याला खर्च नाही. प्रत्येक पानाची दोन छायाचित्रे घ्यावीत, आणि दुसरे घेताना पान बोटभर बाजूला सरकवावे. अक्षराबरोबर सरकले ते टिंब शाईचे. पान सरकूनही चौकटीत जागच्या जागी राहिला तो ठिपका कॅमेऱ्यातला. दोन्ही चित्रे काहीही न पुसता मूळ स्वरूपात जपावीत. पुसलेली प्रत हवी असेल तर ती वेगळी करावी आणि तिच्या नावातच तसे लिहावे. काम सुरू करण्याआधी त्याच दिवशीचे एक परीक्षा-चित्रही त्या संग्रहात ठेवावे. पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला कोणता ठिपका कोठला हे त्यावरून कळेल.

धूळ येऊच नये म्हणून

लेन्स शक्यतो घरी बदलावी. बाहेर बदलणे भाग असेल तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेरा बंद करून, त्याचे तोंड खाली ठेवून आणि दुसरी लेन्स आधीच हाताशी काढून बदलावी. यात्रेत, राशीच्या दिवसांत खळ्यावर किंवा हळदीच्या मांडवात एकच झूम लेन्स लावून जावे आणि परत येईपर्यंत ती काढू नये. लेन्सचे मागील झाकण आणि कॅमेऱ्याचे तोंडझाकण रिकाम्या खिशात ठेवू नये, कापडाचे तंतू तेथूनच आत जातात. पिशवी महिन्यातून एकदा उलटी करून झटकावी. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा, म्हणजे आत शिरलेली धूळ भिजून घट्ट होणार नाही आणि बुरशीलाही वाव राहणार नाही.

राशी आटोपल्या की एका शांत सकाळी पांढऱ्या भिंतीचे परीक्षा-चित्र घ्यावे. ठिपके नसतील तर कॅमेऱ्याला काहीही करू नये आणि त्याच दिवशी पेटीतील एखादी जुनी खतावणी बाहेर काढून टिपायला बसावे. ठिपके असतील तर वरील क्रमाने जावे, आणि ज्या पायरीवर चित्र स्वच्छ येईल त्या पायरीवर थांबावे.